हॅलोवीनच्या कागदी वस्तू घरच्यांनी मिळून करताना: आधी घडी, मग कात्री, शेवटी डिंक

कागदी भोपळा एका बाजूला कलतो. कोळ्याचं जाळं उलगडायला जावं तर हातात सुटे तुकडे येतात. वटवाघळाचे मधोमध दोन अर्धे होतात. हॅलोवीनच्या कागदी वस्तू घरी करणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी आहेत. यात दोष मुलांच्या हाताचा क्वचितच असतो. कामाचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर कागदच त्या कामाचा नसतो. डोळे चिकटवायची घाई होते, घडी दाबायची राहून जाते आणि हाताला लागेल त्या कागदावर कात्री चालते.

इथे पाच वस्तू घेतल्या आहेत: वटवाघळं, भुतांची साखळी, पट्ट्यांचा भोपळा, कोळ्याचं जाळं आणि खिडकीतला कंदील. पाचही ए-४ आकाराच्या कागदातून होतात. पाचही एका बैठकीत करायला जाऊ नका. एका वेळी दोन पुरेत, कारण तिसऱ्या वस्तूपर्यंत लहान मुलांची बोटं दमतात आणि मोठ्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो, तेव्हा महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात केली की डिंक वाळायला आणि फसलेली वस्तू पुन्हा करायला वेळ उरतो.

## टप्पा १: कागद कामाप्रमाणे निवडा

कागदाच्या पाकिटावर जीएसएमचा आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. आकडा जितका मोठा, तितका कागद जाड आणि ताठ.

- ६० ते ८० जीएसएम: ज्या कागदाच्या बऱ्याच घड्या घालून कापायच्या आहेत त्यासाठी. जाळं आणि भुतांची साखळी यातच करा. प्रिंटरचा साधा कागद बहुधा ८० जीएसएमचा असतो.
- १२० ते १६० जीएसएम: वाकून आकार धरायचा असेल तेव्हा. भोपळ्याच्या पट्ट्या आणि वटवाघळं यातली.
- १८० ते २०० जीएसएम: उभं राहायचं असेल तेव्हा. कंदिलाला हाच लागतो.

नेमका इथेच गोंधळ होतो. जाळ्यासाठी छान जाड काळं कार्डशीट घेतलं जातं. त्याच्या चार घड्या झाल्या की कात्री आत शिरत नाही, मूल जोर लावतं आणि आतले थर सरकून कापलेली रेष वाकडी होते. उलट भोपळा साध्या पातळ कागदाचा केला तर संध्याकाळपर्यंत तो बसतो.

जाडीइतकंच महत्त्वाचं आहे कागद कोणत्या बाजूने वाकतो ते. कागद दोन्ही हातांत धरा आणि घडी न पाडता आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवा. एका दिशेने तो सहज वळेल, दुसऱ्या दिशेने अडेल. जाड कागदाला सहज दिशेने घडी घातली तर ती सुबक पडते. अडणाऱ्या दिशेने घातली तर घडीवर बारीक भेगा दिसतात आणि रंग उडतो. जिथे दिशा बदलता येत नाही तिथे टप्पा ३ मधली रेघ ओढण्याची युक्ती वापरा.

तपासा: काळा कागद दोन्ही बाजूंनी काळा आहे का? एक बाजू पांढरी असेल तर आखणी त्या बाजूला करा. दोन्ही बाजू काळ्या असतील तर पांढरी रंगपेन्सिल आधीच जवळ ठेवा. काळ्यावर साधी पेन्सिल जेमतेम दिसते आणि मुलं अंदाजाने कापू लागतात.

## टप्पा २: सामान मांडा आणि कामं वाटून द्या

सामान थोडंच लागतं: प्रत्येकाला एक कात्री, पट्टी, पेन्सिल, ग्लू स्टिक, थोडा पांढरा पातळ डिंक, एका भोकाचं पंच, जाड दोरा, बोथट सुई, चार-पाच बटणं, कपड्यांचे चिमटे आणि शाई संपलेलं एक बॉलपेन. बॉलपेन टाकून देऊ नका, या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडणारं हत्यार तेच आहे.

कात्रीबाबत एक गोष्ट आवर्जून पाहा. डावखुऱ्या मुलाच्या हातात नेहमीची कात्री दिली की वरचं पातं नेमकी आखलेली रेष झाकतं. मूल रेषेवरून घसरत राहतं आणि सगळे समजतात की त्याला कापता येत नाही. डाव्या हाताची वेगळी कात्री मिळते, ती द्या आणि फरक पाहा.

कामं वाटताना "हा भोपळा तुझा, ते जाळं तिचं" असं वाटू नका. तसं केलं की धाकटं अवघड जागी अडतं, मोठं त्याची वस्तू हातात घेतं आणि धाकट्याच्या वाट्याला नुसतं बघणं येतं. वस्तूऐवजी टप्पा वाटा. तीन ते पाच वर्षांचं मूल घडी दाबेल, ग्लू स्टिक फिरवेल, चेहरे चिकटवेल. सहा ते आठ वर्षांचं सरळ रेषा कापेल, पंच मारेल. नऊच्या पुढचं मोजमाप, आखणी आणि वळणदार कापणं सांभाळेल. कटर मात्र मोठ्या माणसाच्याच हातात राहील. असं केलं की प्रत्येक वस्तूला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात आणि कोणाला थांबून राहावं लागत नाही.

सावधान: घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर हलणारे प्लास्टिकचे डोळे, मणी आणि बटणं टेबलावर मोकळी ठेवू नका. ती तोंडात जातात आणि घशात अडकतात. डोळे कागदाचेच करा, दिसायलाही ते कमी नाहीत.

## टप्पा ३: चार सवयी, ज्या पाचही वस्तूंना लागतात

१. घडी दोनदा घाला. आधी कडा जुळवून बोटाने हलकी दुमड पाडा. कडा खरंच जुळल्या आहेत ना ते पाहून मग नखाने किंवा पट्टीच्या कडेने घट्ट दाबा. आधी दाबून मग जुळवायला गेलात तर दोन घड्या पडतात आणि दुसरी घडी नेहमी पहिलीकडेच ओढली जाते.

२. जाड कागदावर आधी रेघ ओढा. जिथे दुमड हवी तिथे पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने जोर देऊन एक रेघ काढा. कागद कापायचा नाही, फक्त चेपायचा. मग तो त्या रेषेवर आपणहून वळतो.

३. आतलं आधी कापा, बाहेरचं नंतर. खिडक्या, भोकं, तोंडाचे आकार हे कागद मोठा आणि धरायला सोपा असतानाच काढून घ्या. बाहेरची कड कापून झाली की धरायला जागा उरत नाही. वळण कापताना कात्रीचा हात स्थिर ठेवून कागद फिरवायचा. मुलं याच्या बरोबर उलट करतात: कागद घट्ट धरतात आणि कोपर हवेत नेऊन कात्री वळवतात. ही एक सवय बदलली की कापणं लगेच सुधारतं.

४. डिंक जागेनुसार. कागदावर कागद सपाट चिकटवायचा असेल तर ग्लू स्टिक. ताण पडणारे जोड, पट्ट्या, कडा यांना पांढरा डिंक, तोही अगदी पातळ थर. त्यात पाणी असतं, त्यामुळे पातळ कागद फुगतो आणि सुरकुततो. जोडावर चिमटा लावून दहा मिनिटं तरी हात लावू नका. "चिकटलं का?" म्हणून उचलून बघण्यानेच बहुतेक जोड सुटतात.

## टप्पा ४: वटवाघळं

पहिल्या बैठकीची सुरुवात यानेच करा. दहा मिनिटांत भिंतीवर काहीतरी दिसू लागतं आणि पुढच्या कामाला मुलं आपणहून बसतात.

१. काळा ए-४ कागद चार सारख्या भागांत कापा. प्रत्येक तुकडा साधारण १५ × १०.५ सेंटीमीटरचा होईल. काही वटवाघळं मोठी हवी असतील तर एका कागदाचे दोनच भाग करा, छोटी हवी असतील तर आठ. तीन आकार मिसळले की थवा खरा वाटतो.

२. जुन्या पुठ्ठ्यातून अर्ध्या वटवाघळाचा साचा कापा: एक कान, अर्धं डोकं, अर्धं अंग आणि एक पंख, ज्याच्या खालच्या कडेला तीन खोलगट कमानी. साच्याच्या सरळ बाजूवर मोठ्या अक्षरांत "घडी" असं लिहा.

३. तुकडा लांबीच्या मध्यावर दुमडा. साच्याची "घडी" लिहिलेली बाजू कागदाच्या दुमडलेल्या कडेला लावा आणि गिरवा.

तपासा: कापण्याआधी मुलाला विचारा, "घडी कुठे आहे?" आणि त्याला बोट ठेवून दाखवायला लावा. साचा उघड्या बाजूला लागला असेल तर कापल्यावर वटवाघळाचे दोन अर्धेच मिळणार.

४. कापा, उलगडा. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर सोडून बॉलपेनने उभी रेघ ओढा आणि दोन्ही पंख त्या रेघेवर वर उचला.

५. भिंतीला फक्त मधली दोन सेंटीमीटरची पट्टी चिकटवा. पंख मोकळे राहिले की त्यांची सावली पडते. अख्खं वटवाघूळ सपाट चिकटवलं की तो नुसता काळा ठिपका दिसतो.

## टप्पा ५: भुतांची साखळी

१. पांढरा ८० जीएसएमचा ए-४ कागद लांबीत मधोमध कापा. २९.७ × १०.५ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या मिळतील.

२. एक पट्टी आडवी ठेवून अर्ध्यावर दुमडा, पुन्हा अर्ध्यावर दुमडा, घट्ट दाबा. मग पूर्ण उलगडा. तीन दुमडी दिसतील, चार सारखी घरं दिसतील. आता त्याच दुमडींवर उलटसुलट, एक पुढे एक मागे, अशी पंख्याची घडी घाला.

हा उलगडण्याचा वळसा टाळू नका. थेट अंदाजाने पंख्याची घडी घालत गेलं की पहिलं घर रुंद आणि शेवटचं अरुंद येतं, आणि अरुंद घरातल्या भुताचा हात कापला जातो.

३. वरच्या घरावर भूत काढा: मध्ये गोल डोकं, खाली लाटांची कड आणि दोन्ही हात दोन्ही कडांपर्यंत पोहोचलेले. कडेशी हाताची जाडी दीड सेंटीमीटरपेक्षा कमी नको.

४. हात सोडून बाकीचं कापा. हाताच्या टोकाशी कडेवर कात्री लागता कामा नये. त्या दोन जागा आधीच लाल पेन्सिलने रंगवून ठेवा, "लाल दिसलं की थांब" हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं.

५. उलगडा आणि मगच चेहरे काढा. घडी असतानाच स्केचपेन चालवलं तर शाई खालच्या भुतांवर उतरते. प्रत्येक भुताचा चेहरा घरातल्या वेगळ्या माणसाने काढावा. चारही चेहरे निरनिराळे होतात, तीच या साखळीची मजा आहे. दुसरी पट्टीही अशीच करून मागून चिकटपट्टीने जोडा, साखळी हवी तितकी लांब होईल.

## टप्पा ६: पट्ट्यांचा भोपळा

कौतुक सर्वांत जास्त याचंच होतं आणि फसतोही हाच सर्वांत जास्त. कारण साधं आहे: आठ पट्ट्यांपैकी एकीचं भोक दोन मिलिमीटर सरकलं तरी ती पट्टी फुगते किंवा ताणली जाते आणि सगळा गोल कलतो. म्हणून इथे मोजमापाला वेळ द्या, बाकीचं सोपं आहे.

१. नारिंगी, १२० ते १६० जीएसएमच्या ए-४ कागदातून लांबीत दोन-दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या आखा. दहा बसतात, लागतात आठ. उरलेल्या दोन राखीव.

२. एका पट्टीच्या दोन्ही टोकांपासून एक सेंटीमीटर आत, रुंदीच्या बरोबर मध्यावर खूण करा आणि पंच मारा. ही पट्टी आता तुमचं माप. बाकीच्या प्रत्येक पट्टीवर ती ठेवून भोकातून पेन्सिलने खूण करा आणि त्याच खुणेवर पंच मारा. आठही पट्ट्या एकत्र धरून पंच मारायला जाऊ नका. इतक्या जाडीवर पंच अडतं आणि खालच्या पट्ट्यांची भोकं सरकतात.

तपासा: आठही पट्ट्या एकावर एक रचून उजेडाकडे धरा. दोन्ही टोकांच्या भोकांतून आरपार दिसलं पाहिजे. एखादीचं भोक सरकलं असेल तर ती बाजूला ठेवून राखीव पट्टी घ्या, तिचं भोक मोठं करून वेळ मारून नेऊ नका.

३. प्रत्येक पट्टी टेबलाच्या कडेवरून एकदा हलकेच ओढा, म्हणजे तिला वाक येतो. हे केलं नाही तर पट्टी वाकताना मध्येच मोडून कोपरा पडतो.

४. साधारण ६० सेंटीमीटर दोरा घ्या. एका टोकाला बटण बांधा. पट्ट्या रचलेल्याच ठेवा, रंगीत बाजू बाहेर. सुई खालच्या भोकातून बाहेरून आत न्या, मग वरच्या भोकातून आतून बाहेर काढा आणि वर दुसरं बटण ओवा.

५. दोरा हळूहळू ओढा. पट्ट्या एकत्रच धनुष्यासारख्या वाकतील. पट्टीचं दोन भोकांमधलं अंतर २७.७ सेंटीमीटर आहे, त्यामुळे पूर्ण गोल धरला तर भोपळ्याचा व्यास साडेसतरा सेंटीमीटरच्या आसपास येतो. पण भोपळा चेंडूसारखा गोल नसतो. दोरा आणखी थोडा ओढून गोल वरून-खालून चेपला की तो भोपळा दिसू लागतो. आता तात्पुरती सुरगाठ मारा.

६. पट्ट्या पसरा. आधी चार पट्ट्या समोरच्या बाजूला न्या, मग दोन्हीकडच्या चार-चार पट्ट्या सारख्या अंतरावर फाकवा. प्रत्येक पट्टी फिरवताना वरचं आणि खालचं टोक एकाच वेळी फिरलं पाहिजे. नुसतं वरचं फिरवलं तर पट्ट्या पिळल्या जातात आणि भोपळा तिरका दिसतो. एकाने वर धरावं, दुसऱ्याने खाली. दोघांशिवाय हे काम नीट होत नाही.

तपासा: वरून बघा. आठ फटी सारख्या दिसतात का? दिसत असतील तर गाठ पक्की करा. दोऱ्याचा उरलेला भाग टांगायला ठेवा.

७. आता चेहरा, आधी नाही. काळ्या कागदाचे त्रिकोणी डोळे कापून प्रत्येक डोळा एकाच पट्टीवर चिकटवा. तोंड रुंद असतं आणि ते फटीवरून जातं, म्हणून त्याची फक्त दोन टोकं दोन पट्ट्यांवर चिकटवा, मधला भाग मोकळा सोडा. पट्ट्या सपाट असतानाच चेहरा चिकटवला तर वाकवताना डोळे सुटून येतात.

८. देठासाठी हिरवी पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून नळी करा, दोरा तिच्यातून वर काढा आणि नळी बटणावर डिंकाने बसवा. भोपळा पुढच्या वर्षी वापरायचा असेल तर डिंक लावू नका, नळी दोऱ्यात नुसती ओवून ठेवा.

## टप्पा ७: कोळ्याचं जाळं

हात लवकर बसणारं हे काम आहे, फक्त दोन गोष्टी पक्क्या लक्षात हव्यात: कागदाचं केंद्र कुठे आहे आणि कोणती कड कापायची नाही. या दोन चुकांमुळेच जाळ्याचे तुकडे होतात.

१. पातळ ए-४ कागदाचा एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून तिरका दुमडा, उरलेली पट्टी कापून टाका. २१ सेंटीमीटरचा चौरस मिळतो. कापलेली पट्टी फेकू नका.

२. चौरसाच्या बरोबर मध्यावर पेन्सिलने ठळक ठिपका द्या. कर्णाची एक दुमड आधीच पडली आहे, दुसऱ्या कर्णाची हलकी दुमड घातली की मध्य सापडतो. ठिपका दोन्ही बाजूंनी द्या.

३. कर्णावर दुमडून त्रिकोण करा. ठिपका आता लांब बाजूच्या मध्यावर आहे. पुन्हा अर्ध्यावर दुमडा, ठिपका काटकोनाच्या कोपऱ्यात येईल. तिसऱ्यांदा दुमडताना ठिपक्याच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन कडा एकमेकींवर आणा.

इथे थांबा. आता त्रिकोणाला दोन टोकदार कोपरे आहेत आणि दोन्ही सारखेच दिसतात. एक जाळ्याचं केंद्र, दुसरा चौरसाचा कोपरा. ठिपका दिला नसेल तर कडा बघा: केंद्राच्या टोकाशी सगळ्या दुमडीच असतात, दुसऱ्या टोकाशी कागदाच्या मोकळ्या कडा सुटलेल्या दिसतात. केंद्र समजून चुकीच्या टोकाकडून कापत गेलात तर उलगडल्यावर जाळं उरत नाही.

४. केंद्राच्या टोकातून निघणाऱ्या दोन कडा पुन्हा एकमेकींवर आणून चौथी घडी घाला. आता १६ थर झाले. साध्या कागदाचा एक थर सुमारे ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे एकूण दीड मिलिमीटरहून थोडं जास्त. मोठ्यांची धारदार कात्री हे कापते, लहान मुलाची नाही. मुलाला स्वतः कापायचं असेल तर चौथी घडी घालू नका. तीन घड्यांत जाळ्याला आठऐवजी चार खांब येतात, तेही चालतं.

५. केंद्रातून निघणाऱ्या दोन कडांपैकी एक निवडा आणि तिच्या बाजूने पाच मिलिमीटर रुंदीचा पट्टा पेन्सिलने रंगवून टाका. हा खांब. या पट्ट्यात कात्री शिरणार नाही.

६. दुसऱ्या कडेपासून खांबाकडे वक्र रेषांच्या जोड्या आखा. प्रत्येक रेष सुरुवातीला केंद्राच्या जवळ असते आणि खांबाकडे जाताना केंद्रापासून दूर सरकते. एका जोडीतल्या दोन रेषांमध्ये एक-दीड सेंटीमीटर अंतर ठेवा, हा भाग निघून जाणार. दोन जोड्यांच्या मध्ये पाच मिलिमीटर ठेवा, हा जाळ्याचा धागा. वाक उलटा पडला तर जाळ्याऐवजी फूल तयार होतं, म्हणून पहिली रेष काढल्यावर दिशा एकदा पाहून घ्या. जो भाग निघून जायचा आहे तो रेघोट्यांनी भरा.

७. बाहेरच्या बाजूची मोकळी कड त्याच वाकाने कापून टाका. एरवी आतलं आधी कापायचं म्हटलं, पण इथे सुटे थर आधी गेले की बाकीचे सरकत नाहीत, म्हणून एवढाच अपवाद. त्यानंतर रेघोट्यांचे भाग बाहेरून केंद्राकडे एकेक करून काढा. केंद्राच्या टोकाजवळचा दीड सेंटीमीटर अजिबात कापू नका. घडी सरकू नये म्हणून खांबाच्या बाजूला दोन चिमटे लावा.

८. उलगडताना घाई नको. एकेक घडी सावकाश सोडा, अडकलेला धागा ओढू नका, बोटाने मोकळा करा. जाळं दोन कागदांत ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा.

कोळी त्या राखून ठेवलेल्या पट्टीतून होतो. पाच मिलिमीटर रुंदीच्या चार काड्या मध्यावर एकमेकींवर ठेवून चिकटवा, आठ पाय तयार. वर तीन सेंटीमीटरचा गोल चिकटवा, पाय गुडघ्यात दुमडा. कागद पांढरा असेल तर कोळ्याला काळा रंग द्या.

जाळं खिडकीच्या काचेवर लावणार असाल तर रंगाची फार चिंता नको. दिवसा मागून उजेड आला की पांढरा कागदही गडदच दिसतो. रात्री खोलीतून मात्र काळोख्या काचेवर पांढरंच जाळं उठून दिसतं.

## टप्पा ८: खिडकीतला कंदील

ए-४ कार्डशीट आडवं ठेवा. डावीकडून ७, १४, २१ आणि २८ सेंटीमीटरवर उभ्या रेषा आखून बॉलपेनने चेपा. सात सेंटीमीटरच्या चार भिंती आणि शेवटी १.७ सेंटीमीटरची चिकटवायची पट्टी मिळते. कागद वाया जात नाही, मापही चुकत नाही.

इथून पुढे एकच नियम: कंदील बंद होण्याआधी त्याच्या भिंतींवरचं सगळं काम संपलं पाहिजे.

१. कागद सपाट असतानाच भिंतींवर आकार आखा: चंद्रकोर, मांजर, त्रिकोणी डोळे. प्रत्येक आकार दुमडीपासून आणि कडांपासून दीड सेंटीमीटर आत. मांजरासारखा आकार असेल तर काय निघून जाणार आणि काय राहणार ते आधी रेघोट्यांनी भरून बघा.

२. आकार कापण्याचं काम मोठ्यांचं, कटरने, खाली जाड पुठ्ठा ठेवून. मुलांसाठी एक भिंत राखून ठेवा, तिच्यावर त्यांना पंचने किंवा जाड सुईने ठिपक्यांचं चित्र करू द्या. उजेड लागल्यावर अनेकदा तीच भिंत सर्वांत सुंदर दिसते. पंच फक्त कडेपर्यंतच पोहोचतं, आतल्या जागेसाठी सुई घ्या आणि खाली थर्माकोल ठेवा.

३. बटर पेपरचे ६ × १९ सेंटीमीटरचे चार तुकडे कापून मागच्या बाजूने प्रत्येक भिंतीला एक, असे ग्लू स्टिकने कडांवरच चिकटवा. एकच लांब तुकडा लावला तर दुमडीवर चुण्या पडतात. पांढरा डिंक इथे वापरू नका, बटर पेपर लगेच सुरकुततो.

४. आता दुमडा, शेवटची पट्टी आतून डिंकाने चिकटवा, दोन्ही टोकांना चिमटे लावा आणि वाळू द्या.

५. कंदिलाला तळ नाही. बॅटरीवर चालणारी एलईडी मेणबत्ती जागेवर ठेवा आणि कंदील वरून उतरवा.

सावधान: कागदी कंदिलात खरी मेणबत्ती किंवा पणती ठेवू नका, "पाच मिनिटंच" म्हणूनही नाही. वाऱ्याच्या एका झुळकेने कागद ज्योतीला टेकतो.

सावधान: छोट्या एलईडी मेणबत्त्यांत बहुतेक वेळा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारेच दिवे घ्या, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

## टप्पा ९: लावणं आणि काढून ठेवणं

भिंतीवर चिकटपट्टी लावण्याआधी एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात छोटा तुकडा लावून दुसऱ्या दिवशी काढून बघा. रंगाचा पापुद्रा निघाला तर भिंत सोडा. काच, दार, कपाट वापरा. टांगलेल्या वस्तू पंखा, हीटर, गॅस आणि उघड्या बल्बपासून लांब ठेवा. दोरा इतका खाली सोडू नका की लहान मुलाच्या मानेपर्यंत पोहोचेल.

काढताना चिकटपट्टी भिंतीपासून सरळ बाहेर ओढू नका. तिचं टोक मागे दुमडून भिंतीला समांतर, सावकाश सोलत न्या. वटवाघळांचे पंख खाली करून सपाट करा, साखळी तिच्याच घड्यांवर मिटा, जाळं दोन कागदांत ठेवा. भोपळ्याची गाठ सोडली की आठही पट्ट्या पुन्हा एकत्र येतात. बटणं आणि दोरा त्यातच राहू द्या आणि चेहऱ्याच्या पट्ट्या वर येतील असं रचा. कंदील दोन समोरासमोरच्या दुमडींवर चपटा होतो. सगळं एका सपाट फाइलमध्ये मावतं. एलईडी दिव्यांतल्या बॅटऱ्या मात्र काढून, वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.